सकाळी मंद, दुपारी ठीक

सकाळी पावणेनऊला डॉक्टरांचा फोन यायचा. मालवणात मी दुकानाचं शटर वर करत असायचो, एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात फोन.

"झोपलंय तुमचं मशीन," ते म्हणायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "खिडकीवर चाळीस माणसं उभी आहेत."

ती माणसं मला फोनमधून ऐकू यायची. कुणी खोकत असे, कुणाचं पोर रडत असे, एखादी म्हातारी मोठ्याने विचारत असे, "रे, माजो नंबर कधी येतलो?" आमच्याकडे ऑक्टोबरात भातकापणी आणि ताप एकदमच येतात. शेतात वाकलेला माणूस दोन दिवस अंग दुखतंय म्हणून काढतो आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या खिडकीवर येतो. त्याला केसपेपरसाठी अर्धा तास ताटकळत ठेवलं की तो डॉक्टरांना बोलतो, आणि डॉक्टर मला.

मी स्कूटर काढून चौके, कट्टा करत तासाभरात हायवेला पोचायचो. तीस खाटांचं हॉस्पिटल, खाली ओपीडी, लॅब, एक्स-रे आणि औषधांचं दुकान. जिन्याखालच्या खोलीत लोखंडी कपाट, आणि त्या कपाटात माझा सर्व्हर. माझा म्हणतो, कारण कोल्हापूर सोडून मी स्वतःच्या दुकानाच्या नावावर बसवलेला तो पहिला सर्व्हर होता. तोवर मी प्रिंटर दुरुस्त करत होतो, कॅमेरे लावत होतो, शाळांच्या कॉम्प्युटरांची धूळ काढत होतो. कुडाळ आणि सावंतवाडीकडच्या आणखी दोन हॉस्पिटलांनी माझ्याकडून दर मागवून ठेवले होते आणि ते दोघेही इथे कसं चालतंय ते बघत होते.

खोकं एकच, पण आत चार कॉम्प्युटर असल्यासारखं ते वागायचं. एक केसपेपरचा, एक लॅबचा, एक एक्स-रेचा, एक औषधांचा. अशा मांडणीत डोकं, म्हणजे प्रोसेसर, आणि मेमरी वाटून देता येते, डिस्क मात्र सगळ्यांची मिळून एकच असते. एका घरात भावाभावांच्या चार चुली झाल्या तरी विहीर एकच राहते, तसं. एकाने रहाट धरून ठेवला की बाकीचे तिघे कळशी घेऊन उभे. सकाळी नेमकं तेच होत होतं. खिडकीवर बाई नाव टाइप करायची, सेव्हचं बटण दाबायची, आणि पडदा पांढरा व्हायचा. ती हात मांडीवर ठेवून बसायची. लॅबवाला तिकडे बसलेला, औषधवाला तिकडे. मी आकडे बघायचो तर डोकं रिकामं, मेमरी रिकामी, आणि सगळ्यांची वाट डिस्कपाशी अडलेली.

आणि अकरा-साडेअकराला सगळं ठीक व्हायचं.

पहिले दोन आठवडे यामुळे मी चांगलाच फसलो. पहिल्या दिवशी मी नेटवर्कची केबल बदलली, आणि ते सुटलं. डॉक्टरांना म्हटलं, केबल होती. दोन दिवसांनी परत. मग मी व्हायरस शोधणारा प्रोग्राम सकाळऐवजी दुपारी चालेल असा केला, आणि ते सुटलं. म्हटलं, सापडलं. मधले दोन दिवस चांगले गेले, मी कॉलर ताठ करून हिंडलो, आणि मग परत. मग बॅकअपची वेळ बदलली. मग एक्स-रेच्या मोठ्या फायली वेगळ्या ठेवल्या. प्रत्येक वेळी मी दहाला पोचून काहीतरी करायचो आणि अकराला ते आपोआप पळायला लागायचं. चार वेळा मी तो आजार बरा केला. पाचव्या वेळी डॉक्टर म्हणाले, "तुम्ही येऊन नुसते बसलात तरी ते बरं होईल असं मला वाटायला लागलंय." ते हसत नव्हते.

मला राग लवकर येतो. तो कुणावर येईल हे मात्र ठरलेलं असतं. तो कोल्हापूरला जातो.

कोल्हापुरात मी आठ वर्षं एका कॉम्प्युटर डीलरकडे होतो. गेलो तेव्हा खोकी उचलत होतो, सोडलं तेव्हा घाटाखालचा त्याचा सगळा धंदा मी उभा केलेला होता. बँका, शाळा, कारखाने, सगळीकडे मी एसटीने गेलो, लोकांच्या पडवीत झोपलो, गिऱ्हाइकं जोडली. कुडाळला शाखा काढायची आणि ती निम्मी माझी, असं तो चार माणसांत बोलला होता. शाखा निघाली. गल्ल्यावर त्याचा जावई बसला. मी विचारायला गेलो तर म्हणाला, "कोकणी माणूस कामाला सोनं. पर धंद्याला नको. भांडतोय लई." मी तिथेच भांडलो, त्यामुळे त्याचं म्हणणं खरं ठरलं, आणि मी घरी आलो.

तरी सर्व्हर मी त्याच्याकडूनच घेतला. वापरलेला, पण चांगला माल तेवढ्या भावात दुसरीकडे मिळत नव्हता हे एक. आणि त्याच्या टेबलाच्या अलीकडे उभं राहून आठ वर्षं काढल्यावर समोरच्या खुर्चीत गिऱ्हाईक म्हणून बसायचं होतं, हे दुसरं. दोन तास घासाघीस केली. तीन चहा झाले. शेवटी हातावर हात मारला, आणि तेव्हा तो म्हणाला, "डिस्कच्या कार्डावरची बॅटरी तेवढी जुनी हाय. नवी घालून घे, कमी भावात देतो."

हा डाव त्यानेच मला शिकवला होता. सौदा पक्का झाला, माणूस सैल पडला, की एखादी बारीकशी वस्तू हळूच पुढे सरकवायची. शंभरातले ऐंशी जण घेतात. मी म्हटलं, "जुनीच राहू दे." तो हसला. त्या हसण्याचा मला मालवणपर्यंत त्रास झाला.

तेव्हा ऑक्टोबरात सर्व्हर बसायला लागला आणि मी चारी डिस्क एकेक करून तपासल्या, तेव्हा मला काय सापडायला हवं होतं हे माझं आधीच ठरलेलं होतं. तपासणीत डिस्क चांगल्या निघत होत्या. मी म्हटलं, तपासणीच खोटी. एका डिस्कवर जुनी चिकटपट्टी काढल्याची खूण दिसली तेव्हा मला आनंद झाला. कार्डाच्या नोंदींमध्ये सकाळच्या वेळेला बॅटरीबद्दल एक ओळ यायची, तीही मी पाहिली होती. बॅटरी जुनी, ती कुरकुरणारच, असं म्हणून मी ती ओळ सरकवली आणि पुढे डिस्क शोधत गेलो.

त्या सोमवारी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"शनिवारपर्यंत बघतो," ते म्हणाले. "नाहीतर पुण्याची एक कंपनी आहे. सगळं त्यांच्या मशीनवर जाईल, इथे काही ठेवायलाच नको. तुम्ही कष्टाळू आहात, माझा प्रश्न तो नाही. माझी ओपीडी सकाळी असते."

मी बाहेर येऊन चिकूच्या झाडाखाली उभा राहिलो आणि कोल्हापूरला फोन लावला.

"काय रं कोकण्या," तो म्हणाला. आठ वर्षांत त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

"शेठ, डिस्क कुठल्या भंगारातून काढून घातल्यात?"

"अजून शिमग्याला लई महिने हायत लेका. काय झालं ते तर सांग."

मी सांगितलं. सकाळी मंद, दुपारी ठीक, काही दिवस अजिबात काही नाही.

"मग डिस्क न्हाय ती," तो म्हणाला. "डिस्क काय घड्याळ बघून आजारी पडतीय व्हय? कार्डावरची बॅटरी बघ."

"बॅटरी तुम्ही मला तेव्हाच विकायला बघत होता."

"आणि तू घेतली न्हाईस."

"म्हणजे आता घेऊ?"

"आरं, बघ म्हणतोय. घे म्हणत न्हाय."

त्यानंतर मी जे बोललो त्याचा डिस्कशी संबंध नव्हता. कुडाळची शाखा निघाली, जावई निघाला, चार माणसांत दिलेला शब्द निघाला. झाडाखाली बसलेले पेशंटचे नातेवाईक उठून दुसरीकडे गेले. शेवटी मी म्हणालो की डिस्क बदलून दिल्या नाहीत तर इन्सुलीपासून खारेपाटणपर्यंत तुमच्या नावाने बोंब मारतो.

 तो थकल्यासारखा म्हणाला, "चार नव्या डिस्का पाठवतो. फुकट. शुक्रवारच्या गाडीनं. आता तोंड बंद कर, मला गिऱ्हाईक हाय."

मी जिंकलो होतो. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडून काहीतरी फुकट काढलं होतं. पण घरी जेवताना मी भात नुसताच कालवत बसलो. बायको म्हणाली, "फुकट गावला तरी तोंड असा कित्याक?" मी म्हटलं, तुला धंद्यातलं कळत नाही. तिने आमटी वाढली आणि म्हणाली, "शेठीन एवढ्या लवकर हो म्हटल्यान, ताच तुका टोचता." ते खरं होतं. तो कधी लवकर हो म्हणत नाही. डिस्क खरंच वाईट असत्या तर त्याने मला महिनाभर फिरवलं असतं.

मंगळवारी सकाळी मंद. बुधवारी सकाळी ठीक. बुधवारी रांग पळत होती आणि मी हात न लावता बघत उभा होतो, आणि त्या दिवशी मला जास्त भीती वाटली. बिघाड असला की माणूस काहीतरी करू शकतो.

गुरुवारी सकाळीही ठीकच होतं. मी ठरवलं की आज इथून हलायचं नाही. मी रोज दहाला येत होतो आणि दोनला जात होतो. चांगल्या संध्याकाळनंतर वाईट सकाळ कशी उगवते, ते मी एकदाही पाहिलं नव्हतं. सर्व्हर मधूनमधून संध्याकाळी बंद होतो हे मला नोंदींवरून माहीत होतं. आमच्याकडे परतीच्या पावसात बऱ्याच दिवशी चार-पाचला गडगडतं आणि लाइट जाते. यूपीएस थोडा वेळ धरतं, मग सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो, लाइट आली की उठतो. ते मीच तसं लावलं होतं. त्यामुळे बंद झाल्याच्या नोंदी मी बघितल्या होत्या, पण परत कधी उठला ती वेळ मी बघितली नव्हती. डिस्कमधला दोष शोधणाऱ्या माणसाला घड्याळ दिसत नाही.

जिन्याखालच्या त्या खोलीत स्टूल टाकून मी बसलो. उकाडा असा की शर्ट पाठीला चिकटला. दुपारभर मी उठत होतो, बसत होतो, दाराशी जाऊन आकाश बघत होतो. साडेचारला कणकवलीच्या बाजूला काळं आलं. लांब कुठेतरी गडगडलं. कापणीवरून माणसं भारे घेऊन हायवेवरून पळत घरी निघालेली दिसत होती.

आणि केसपेपरच्या खिडकीवरची बाई आत आली.

ती हॉस्पिटल सुरू झाल्यापासून तिथे आहे. पन्नाशीची, दोन्ही भाऊ म्हापशाला, ही आईबापांसाठी इथे राहिली आणि मग राहूनच गेली. सगळं हॉस्पिटल तिला बाय म्हणतं. तिच्या पायात रबरी स्लिपर होती, खांद्यावर सुका टॉवेल. माझ्याकडे तिने विशेष लक्ष दिलं नाही. कपाट उघडलं, मी शिकवलं होतं त्या क्रमाने चारी कॉम्प्युटर बंद केले, मग सर्व्हर बंद केला. संध्याकाळी ओपीडी नसते, आणि लाइट गेल्यावर चालवतात तसं लॅब आणि औषधांचं काम वहीवर चालवायची सगळ्यांना सवय होती. मग टॉवेल हाताला गुंडाळून भिंतीतली प्लगची पीन काढली.

"बाय! काय करतंस?"

ती दचकली. "मेल्या, हळू बोल. काळजाक लागला माज्या."

"पीन कित्याक काढलंस?"

"गडगडता मरे."

"गडगडता तर गडगडांदे! लाइट गेली तर तो आपणच बंद जाता!"

"आणि लाइट नाय गेली, वीज पडली तर?" ती म्हणाली. "तूच लिवलंस पीन काढूक. आता तूच बोंबलतंस?"

"मी खंय लिवलंय?"

तिने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. पिवळी पडलेली कागदाची पट्टी, चारी बाजूंनी टेप मारलेली. गडगडाट झाल्यास पीन काढावी. सकाळी लावावी. खाली माझ्या दुकानाचं नाव आणि माझा जुना नंबर.

दुकान उघडलं त्या वर्षी वैशाखात एका संध्याकाळी वीज पडून अर्ध्या मालवणातले मोडेम, टीव्ही आणि चार्जर जळाले होते. त्या आठवड्यात मला जेवायला वेळ मिळाला नव्हता. मग मी त्या पट्ट्या छापून घेतल्या. सल्ला म्हणून आणि जाहिरात म्हणूनही, कारण मशीनवर रोज दिसणारं नाव माणूस विसरत नाही. ज्या ज्या मशीनला हात लावला त्यावर ती चिकटवली. घरच्या कॉम्प्युटरसाठी तो सल्ला चांगलाच होता. इथे खिडकीवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी ती कधीतरी लावलेली असणार. तो कॉम्प्युटर भंगारात गेला तेव्हा बायने पट्टी नखाने सोडवून घेतली आणि नव्या सर्व्हरच्या कपाटात लावली.

"जुनो कॉम्प्युटर पंधराशेचो," ती म्हणाली. "ह्यो केवढ्याचो? मगे ह्येका जास्तच सांभाळूक व्हयो ना?"

"आणि परत कधी लायतंस?"

"सकाळी. साडेसातांक इलंय काय पयली पीन. तसाच लिवलंस ना?"

मी स्टुलावर बसलो. बाहेर आता जवळच कडाडलं, आणि पीन जमिनीवर पडलेली.

कार्डाचं काम मला येत होतं, पण मी ते कधी नीट डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. कुणी सेव्ह दाबलं की कार्ड ते आधी आपल्या मेमरीत घेतं आणि लगेच सांगून टाकतं, झालं. डिस्कवर ते मागाहून सावकाश लिहितं. हे झालं म्हणणं खोटं असतं, पण बॅटरीच्या भरवशावर खपून जातं. मध्येच लाइट गेली तरी बॅटरी ती मेमरी जिवंत ठेवते. बॅटरीत जीव नसेल तर कार्ड खोटं बोलायला तयार होत नाही. मग प्रत्येक शब्द डिस्कवर खरोखर लिहून होईपर्यंत ते कुणालाच झालं म्हणत नाही, आणि चार चुली एका विहिरीवर उभ्या राहतात. नवी बॅटरी पीन काढलेल्या अवस्थेत दोन-तीन दिवस सहज काढते. ही जुनी. संध्याकाळी पाच ते सकाळी साडेसात, तेवढ्यात ती तळाला जायची. सकाळी पीन लावली की भरायला लागायची आणि अकराला कार्डाचा तिच्यावर विश्वास बसायचा. ज्या संध्याकाळी गडगडलं नाही त्यानंतरची सकाळ चांगली. मे महिन्यातही दोन-तीनदा असं झालं होतं, पण एकेक दिवस, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

"माजी चूक जाली काय रे?" बाय विचारत होती. माझ्या तोंडाकडे बघून ती घाबरली असावी.

"नाय," मी म्हटलं. "र्‍हवांदे आता तशीच. सकाळी मी येतंय, मगे लाय."

शुक्रवारी साडेसातला मी तिच्याबरोबर खोलीत होतो. तिने पीन लावली. सर्व्हर उठला. मी कार्डाची ती ओळ उघडून समोर ठेवली. बॅटरी रिकामी, मेमरीतलं लिहिणं बंद. साडेआठला रांग लागली आणि पडदा पांढरा. डॉक्टर माझ्याकडे न बघता आत गेले. अकराला दहा मिनिटं असताना ती ओळ बदलली, आणि बाहेर खिडकीवर टाइप करण्याचा आवाज एकदम वाढला. मी त्या सकाळी कशालाही हात लावला नव्हता.

बाराला गाडीवाल्याने पार्सल आणून दिलं. चार नव्या डिस्क, सीलबंद. पार्सल हॉस्पिटलच्या नावाने होतं, त्यामुळे सही डॉक्टरांनी केली आणि चलन त्यांच्याकडेच राहिलं. खोकं मला मिळालं.

"घालून टाका," डॉक्टर म्हणाले.

मी हं म्हटलं.

ते खोकं घेऊन मी खोलीत बराच वेळ बसलो. काहीच करायला नको होतं. डिस्क घालायच्या, बायला सांगायचं की आता पीन काढू नकोस, बॅटरी गुपचूप मागवून घालायची. सर्व्हर पळाला असता. डॉक्टरांनी मानलं असतं की डिस्क वाईट होत्या, कोल्हापूरवाल्याने फसवलं आणि मी ते शोधून काढलं. कुडाळ आणि सावंतवाडीला तेच गेलं असतं. आठ वर्षांचं उट्टं थोडंतरी निघालं असतं. माझं नाव राहिलं असतं, बायला कुणी बोललं नसतं, आणि नुकसान ज्याचं व्हायला हवं होतं त्याचंच झालं असतं. खोटं मी याआधीही बोललो आहे, धंद्यात सगळेच बोलतात. तरी मी खोक्याचं सील फोडलं नाही. का फोडलं नाही, तेव्हा मला सांगता आलं नसतं. वेळ काढत होतो एवढंच.

संध्याकाळी परत गडगडायला लागलं. बाय टॉवेल घेऊन आली. मी म्हटलं, आज नको. यूपीएसच्या आधी वीज अडवणारं एक उपकरण मी दुपारी कुडाळहून आणून लावलं होतं, अर्थिंग तपासलं होतं, आणि एरवी गिऱ्हाइकाला मी छाती ठोकून सांगितलं असतं की आता काही होत नाही. प्रत्येक कडाडण्याला माझा हात पिनेकडे जात होता. बाय दाराशी उभी राहून ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत होती.

"मेल्या, आता तुजोच हात पिनेकडे जाता," ती मध्येच म्हणाली.

"तू तुजी प्रार्थना म्हण."

"तुज्यासाठीच म्हणतंय."

लाइट गेली नाही. सात वाजता आकाश मोकळं झालं आणि पीन भिंतीतच होती.

शनिवारी पावणेनऊला फोन आला नाही, कारण मी तिथेच होतो. चाळीस माणसं नवाच्या ठोक्याला वीस झाली, साडेनऊला खिडकी रिकामी. बाय हात वर करून मला दाखवत होती. डॉक्टरांनी आत बोलावलं, चहा मागवला. चहा त्यांनी मला कधी विचारला नव्हता.

"संपलं म्हणायचं ना?"

"संपलं."

"चला. डिस्कच होत्या शेवटी." त्यांनी चलन उचलून वाचलं. "पण हे कोल्हापूरचे गृहस्थ भले दिसतात हो. माल विकून वर्ष होत आलं, तरी एका शब्दावर चार डिस्क बदलून दिल्या, तेही मोफत. असा माणूस हल्ली मिळत नाही. मी काल त्यांच्याशी बोललो फोनवर. त्यांची कुडाळला शाखा आहे म्हणे?"

मी कप खाली ठेवला.

"मी विचार करत होतो," डॉक्टर म्हणाले, "पुण्यापेक्षा देखभाल त्यांनाच दिली तर? तुम्ही बाकीचं बघा, प्रिंटर वगैरे. राग नका मानू."

"डिस्कांना काहीही झालेलं नाही!" मी म्हणालो. आवाज ओपीडीत गेला असणार. "त्या मी घातल्याच नाहीत. खोक्यात आहेत. चूक माझी होती!"

मग एकदा सुटल्यावर सगळंच आलं. बॅटरी नको म्हणालो ते, शेठने फोनवर बॅटरीच बघ म्हटलं ते, पट्टी, पीन, सकाळचे साडेसात, हं म्हणालो ते. बायने फक्त माझ्या हातचं लिहिलेलं पाळलं हे दोनदा सांगितलं. डॉक्टर ऐकत होते. पेशंटचं ऐकतात तसं, मधूनच पेनाचं टोपण काढत आणि लावत.

"म्हणजे तीन आठवडे," ते शेवटी म्हणाले, "माझी ओपीडी तुमच्या एका चिटोऱ्याने अडवली."

"हो."

"आणि कोल्हापूरवाल्याने पहिल्याच फोनला बॅटरी सांगितली होती."

"हो."

"मग त्यालाच का देऊ नये, सांगा बरं?"

मी म्हटलं, "तो इथे कधी संध्याकाळपर्यंत बसणार नाही. मी बसलो म्हणून पीन दिसली. त्याचा जावई फोनवर बॅटरी विकून मोकळा झाला असता, आणि बायने ती पीन पुढच्या मे महिन्यातही काढली असती. नवी बॅटरीसुद्धा रोज रोज उपाशी ठेवली तर किती दिवस टिकेल?"

डॉक्टरांनी चहा संपवला. "सहा महिने," ते म्हणाले. "वर्षाचं नाही. बॅटरी तुमच्या पदरची, ते वीज अडवणारं काय लावलंय तेही तुमच्या पदरचं. आणि सहा महिन्यांत मला एक सकाळ जरी अशी दिसली तर पुणे."

"वीज अडवणारं निम्मं तुमचं," मी म्हटलं. "ते हॉस्पिटलच्या भिंतीला आहे."

"चूक कबूल करून अर्ध्या मिनिटात घासाघीस करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला," ते म्हणाले, आणि निम्मं मान्य केलं.

दुपारी मी ते खोकं कसालला गाडीवाल्याकडे नेलं. त्याने कागद आणि मार्कर पुढे केला. पत्ता लिहायला मला विचार करावा लागला नाही, मी तो आठ वर्षं रोज पार्सलांवर लिहिला होता, गल्ली, माळा, पिन कोड सगळा. गाडीवाल्याने विचारलं, "आत चिठी घालतलास काय? मगे चिकटपट्टी मारतंय."

मी एक कागद फाडून घेतला. डिस्क चांगल्या आहेत, परत पाठवतो, एवढं लिहिलं. खाली आणखी काही लिहावं म्हणून मार्कर टेकवला. तो तिथे टेकूनच राहिला आणि कागदावर काळा डाग मोठा होत गेला. शेवटी मी तसाच कागद आत टाकला. बॅटरीचं त्याचं खरं ठरलं, ते मी कुणालाही सांगायला तयार आहे. कुडाळच्या शाखेचं नाही. तो हिशेब वेगळा आहे आणि तो मिटलेला नाही.

गाडी गेल्यावर मी स्कूटरला किक मारली. मग बंद केली, आणि हॉस्पिटलला फोन लावून बायला विचारलं की आकाश कसं आहे.